सुतकातली बस

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दूध संस्थेनं आपल्या जुन्या बसचं डिझेल बंद केलं. दूधच नव्हतं, कॅन न्यायचे कशाला? एसटीची सकाळची फेरी आधीच थांबलेली. अन् माझ्या लेकीची बारावीची परीक्षा वडवणीत. तेव्हा, संस्थेचा ड्रायव्हर असलेल्या माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी आयटीआय अर्धवट सोडलेला माणूस. तो इंजिनिअर झोपलेलाच बरा होता.

जुनं डिझेल इंजिन खाद्यतेलावर चालतं, असं कुठंतरी वाचलं होतं. वडवणीच्या बाजारातून भजीवाल्यांचं जळकं तेल आणलं, आईच्या जुन्या लुगड्यातून तीनदा गाळलं. गाडी चालू करण्यापुरती डिझेलची लहान टाकी. इंजिन तापलं की कॉक फिरवायचा अन् तेलावर जायचं. आठ दिवस हात काळे करून घेतले.

पहिल्या पेपरला लेक अन् तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन निघालो. बसच्या मागं भजी तळल्याचा खमंग वास. मी आरशात बघून मिशीवर हात फिरवला अन् समोर बघतो तर रस्त्यात भावकी उभी.

रस्ता संस्थेच्या चेअरमनच्या दारावरून जात होता. चेअरमन म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याची आई, माझी चुलती, तीन दिवसांपूर्वी गेली होती. सुतकात आमच्यात कढई चढत नाही, तळण नाही की फोडणी नाही.

"का रं," चेअरमन कडाडला, "आई जाऊन तीन दिस झाले अन् आमच्या दारात भजी तळतो?"

"दादा, ही गाडी हाय."

"मंग वास कशाचा हाय? अन् तुला सुतक न्हाई व्हय? आईला खांदा कुणी दिला?"

खांदा मीच दिला होता. घरी तीन दिवस बिनफोडणीचं वरण गिळत होतो. पण इंजिनच्या नादात मीही सुतकात आहे, हे या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"किल्ली टाक. गाडी संस्थेची हाय."

पेपरला तासभर उरला होता. लेक खाली उतरली.

"काका, इंजिन बंद करून तुमच्या दारापुढून ढकलत नेली तर वास येईल का?"

चेअरमन भावकीकडं वळून म्हणाला, "ढकलू द्या. पर एकानंबी हात लावायचा न्हाई!"

चार पोरी ढकलू लागल्या. बस जागची हलेना.

"आबा, तुमी उतरा की. तुमचंच वजन लई होतंय," लेक म्हणाली.

"मंग स्टेअरिंग?"

"खिडकीतून धरा."

मग मी खाली उतरून, बसला खांदा लावून, टाचा उंचावून, खिडकीतून हात घालून बस वळवत निघालो. भावकी ओट्यावरून बघत होती. कुणी हसलंसुद्धा नाही.

तेरावा होईपर्यंत प्रत्येक पेपरला हेच. तेराव्याला त्यांची कढई चढली, सगळा गाव जेवला. आम्हाला मात्र जेवणाचा निरोप नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर. सुतक फिटलं होतं, म्हणून त्या दारावरून इंजिन चालू ठेवूनच बस नेली. मागच्या काचेवर एक चप्पल येऊन आदळली. मी काही थांबलो नाही. लेकीचा भूगोल होता.