सुटाबुटात नांगर

मी वसईतल्या सांडोरचा. घरची केळीची वाडी, नोकरी शाळेत गणिताची. समुद्राशी माझा संबंध जेवणाच्या ताटापुरता. पण बायको केली ती पाचूबंदरच्या, स्वतःची मासेमारी बोट चालवणाऱ्या तांडेलाची लेक.

दोन वर्षांपूर्वी अर्नाळ्याला मेव्हणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि धर्मपिता मी. "रस्त्यान गेलो तर पोचेपर्यंत पोर शालेत जाईल," असं म्हणत सासऱ्यांनी बोट काढली. मी नव्या सुटात, बायको रेशमी साडीत, सासूबाईंच्या मांडीवर केकचा डबा.

वसईचा किल्ला मागे पडला आणि पुढून धाडधाड आवाज येऊ लागला. निघताना सासरे फोनवर कुणाशी तरी भांडत होते. त्या नादात नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा नांगर बांधायचाच राहिला होता. प्रत्येक लाटेला तो उचलायचा आणि फळीवर आदळायचा.

"जावय, तेवडा बांधून या. तुमी शिकलेले."

मी ताठ चालत निघालो. तिसऱ्या पावलाला लाटेने मला बसवलं, पुढचं अंतर मी रांगत कापलं. केळीचा घड टेकूला बांधतो तशी गाठ मारली. सुंदर दिसत होती. मागे वळून हसलो आणि गाठ सुटली. नांगर पाण्यात, त्याच्यामागे दोर सरसर.

"पाय काढ!" सासूबाई ओरडल्या. काढला, म्हणून आज दोन आहेत.

नांगर चिखलात रुतला. बोटीला असा हिसका बसला की केकचा डबा उघडून अर्धं आयसिंग बायकोच्या पदरावर गेलं. तोवर सासऱ्यांसाठी मी 'तुमी' होतो. त्या क्षणी 'तू' झालो.

"अरे केळीवाल्या! कोनी सांगितला होता तुला?"

"तुम्हीच!"

सासूबाईंनी डबा लेकीकडे दिला, साडी खोचली आणि पुढे आल्या. "तुमचा फोन झाला असेल तर बोट जरा पुढं घ्या," हे नवऱ्याला. बोट नांगरावर आली, दोर सैल पडला. त्यांनी आणि मी ओढून नांगर वर घेतला. सोबत निम्मा समुद्रतळ आला, तो माझ्या सुटावर.

"आता हलू हलू चालवा, लाटेला तोंड देऊन." मग माझ्याकडे वळून, "गुडघ्यावर बस. एक हात बोटीला, एक कामाला. पयला दांडा बांध, मग दात. बोटं साखलीत घालू नको, वह्या तपासायच्यात."

बांधला. त्यांनी दोन्ही हातांनी हिसडून पाहिला. "परत." पुन्हा बांधला. "परत." वर्गात मी हेच करतो, पण ते किती छळवादी असतं ते त्या दिवशी कळलं. चौथ्या खेपेला त्यांनी हिसडून पाहिला आणि केक सावरायला गेल्या.

चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथे पोचलो तेव्हा सगळे खोळंबले होते. फादरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, चिखलाच्या वासाने हळूच श्वास रोखला आणि विचारलं, "सैतानाचा त्याग करता का?"

"करतो," मी म्हणालो, आणि नजर आपोआप सासऱ्यांकडे गेली. ते छताकडे बघत होते.

जेवताना त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की पुढे खडक दिसला म्हणून त्यांनी ऐनवेळी नांगर टाकायला लावला आणि जावयाने तो धाडसाने टाकला. वसईच्या त्या भागात खडक नाहीत हे टेबलावरच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या ताटात तळलेला पापलेटचा मोठा तुकडा वाढला.

"जेव," म्हणाल्या.

मी जेवलो.