माझ्या आईची त्यांनी मावशी केली

"पाणी म्हण," अनघाताई म्हणाल्या. "ण. जीभ वर लाव."

मी म्हटलं, "पाणी."

"हां. आता ते वाक्य परत वाच."

स्क्रीनवर चौकोनच चौकोन. एकेका चौकोनात एकेक घर. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे समई. दोघींनी तोंडावर हात धरला होता. एकीने कॅमेराच बंद केला. हसू आलं की कॅमेरा बंद करायचा, ही एक सोय होती त्या वर्षी.

मी वाक्य परत वाचलं. पुढच्याच ओळीत पुन्हा पानी आलं. या वेळी हसताना कुणी तोंडावर हात धरला नाही.

माझी मुलगी सई शेजारी बसून चित्र रंगवत होती. आठ वर्षांची. तिने मान वर करून विचारलं, "मॉम, व्हाय आर दे लाफिंग?"

माझा माइक सुरू होता. सगळ्यांनी ऐकलं.

मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन. हिवाळा. आम्ही ट्रुगानिनात राहतो, मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तेव्हा जेवणाच्या टेबलावरूनच करायचे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सईची शाळा, वरच्या खोलीत नवऱ्याचं, नितीनचं ऑफिस. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. अनघाताई पॉइंट कुकला, म्हणजे बंदीच्या पलीकडे. पण ऑनलाइन सगळे जवळच. इकडच्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. दर शनिवारी दुपारी त्या लेखनवर्ग घ्यायच्या, आणि इकडचा दिवाळी अंकही त्याच काढायच्या. विषय होता 'घरातलं सौंदर्य'. बाहेर जाता येत नाही ना, मग आत बघा, असं त्या म्हणायच्या. बाकीच्यांना तुम्ही म्हणायच्या. मला पहिल्या दिवसापासून तू. मला वाटलं, आपुलकी आहे.

ती कल्पना मला मनापासून आवडली होती, हे सांगायला पाहिजे. मी खरंच बघायला लागले. सात वर्षं त्या घरात राहून मी ते घर बघितलं नव्हतं. सकाळी स्वयंपाकघरात ऊन कुठून शिरतं आणि फ्रिजच्या दारावर कुठे थांबतं. कपडे वाळत घालताना सईचे मोजे नेहमी एक कमी का भरतात. आणि सगळ्यात जास्त मी बघायचे सिंक. रात्रीची जेवणं झाली की सिंकमध्ये आमचा सगळा दिवस पडलेला असायचा. सईने पोळीच्या फक्त कडा ठेवलेल्या. नितीनच्या कपात तळाला बिस्किटाचा लगदा. म्हणजे मीटिंग लांबली, बिस्किट बुडवलं आणि विसरला. मी हेच लिहिलं. उष्ट्या भांड्यांवर. त्यात नळाचं पाणी होतं, म्हणून तो शब्द सारखा येत होता.

ऑफिसात माझा एकही उच्चार चुकत नाही. मराठीतही ण मला येतो, शाळेत मार खाऊन शिकलेय. पण घरचं लिहिलेलं वाचायला लागले आणि जीभ वस्तीत गेली.

माझ्या आधी एकीने सासूबाईंच्या समईवर वाचलं होतं. एकीने लोणच्याच्या बरणीवर. सगळ्यांनी वा वा केलं. माझं वाचून झाल्यावर अनघाताईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "निरीक्षण आहे तुझ्याकडे. पण आपला विषय सौंदर्य आहे. आणि उष्टी भांडी... हे जरा कामवालीच्या नजरेनं बघितल्यासारखं वाटतं."

कामवालीच्या नजरेनं. बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

मी म्हटलं, "हो ताई." लॅपटॉप मिटला. सईच्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. तिने रंगाच्या पेन्सिली डब्यात भरल्या आणि ती आपल्या खोलीत गेली.

माझी आई पुण्यात एका सोसायटीत भांडी घासायची. मला कळतं तेव्हापासून. संध्याकाळी घरी आली की पाय धुवायची, भिंतीला टेकून बसायची आणि आम्हा दोघा भावंडांना गोष्ट सांगायची. राजाराणीची नाही. भांड्यांची. "आज तिसऱ्या मजल्यावर भांडान झालंय. दोन ताटं, दोन्ही भरलेली." "वरच्या आजी आज जेवल्या बग. वाटी निस्ती पुसून खाल्ली." आम्ही विचारायचो, मग पुढं काय झालं? ती पुढचं रचायची. नवरा घर सोडून गेला, परत आला, येताना जिलबी आणली. दुसऱ्या दिवशी कढईला पाक चिकटलेला दिसला की सांगायची, "बगा, म्हनले न्हवते?" ती माणसं तिच्याशी चार शब्द बोलायची नाहीत. पण त्यांची सुखदुःखं आमच्या खोलीत रोज यायची.

गोष्ट कशी सांगायची ते मी तिथे शिकले. दुसरीकडे कुठे नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, मी वाचलं ते लोकांना आवडलं नाही.

"मला वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. बिस्किटाच्या लगद्याला ती हसली. "मग हसल्या कशाला त्या?"

"मी पानी म्हणाले."

"मग काय म्हनायचं?"

"पाणी."

तिने दोनतीनदा म्हणून बघितलं. पाणी, पाणी. मग म्हणाली, "दात पडल्यागत वाटतंय." आणि दोघी हसलो. ती हसताना तोंडाला पदर लावायची.

मग म्हणाली, "शिंक दाखव तुझं."

मी फोन सिंककडे वळवला. ती बघत राहिली. "सई जेवली न्हाई नीट. जावयानं दोनदा च्या घेतला. आन् तू उभ्यानं जेवलीस."

"कसं कळलं?"

"तुजं ताट कुठंय? वाटीतच भात कालवलास तू. बसून खात जा."

मी फोन परत माझ्याकडे वळवला. मला कुणी विचारलेलं नव्हतं कित्येक दिवसांत, बसून जेवलीस का.

तेव्हा तिचं काम बंद होतं. सोसायटीने कामवाल्यांना गेटच्या आत घेणं बंद केलं होतं. महिनोन् महिने. मग एक दिवस एका घरातून फोन आला, "या मावशी, आता सगळं ठीक आहे." मी म्हटलं, जाऊ नकोस. तुला काय कमी आहे? ती म्हणाली, "घरात बसून अंग आंबलंय. आन् न्हाई म्हटलं तर दुसरी लावतील." दादाने, माझ्या भावानेही सांगून बघितलं. तिने कधी आमचं ऐकलं होतं?

आठवड्याभराने फोनवर म्हणाली, "एक ताट येगळं ठेवत्यात. येगळा पेला. आतल्या खोलीचं दार बंद असतंय. कुनी काय बोलत न्हाई."

मी विचारलं, "आई, तू घासलंस ते?"

"मग? कोन घासनार?"

मी ओरडले तिच्यावर. फोनवर, हजारो मैलांवरून, ओरडले. ती म्हणाली, उद्या सांगते त्यांना. तो उद्या आलाच नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. दादा तिला रिक्षात घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरला. शेवटी एका ठिकाणी जागा मिळाली, तर आत कुणाला सोडत नव्हते. ज्या घरात ती काम करत होती तिथे दादाने फोन केला. त्यांनी उचलला. म्हणाले, आमच्याकडे सगळे बरे आहेत. मावशींना बाहेर कुठेतरी लागण झाली असेल.

सकाळी आमची टीमची मीटिंग असते. प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार, आणि काही अडलंय का, एवढं सांगायचं. माझी पाळी यायच्या आधी फोनवर दादाचा मेसेज आला. आई गेली.

मॅनेजरने माझं नाव घेतलं. मी काल काय केलं ते सांगितलं. आज काय करणार ते सांगितलं. "एनी ब्लॉकर्स?" त्याने विचारलं.

"नो ब्लॉकर्स," मी म्हटलं.

कॅमेरा बंद केला. मग जमिनीवर बसले. नितीन वरून धावत आला, कारण माझा आवाज वरपर्यंत गेला होता. मला माझा आवाज ऐकू आला नव्हता.

जाता आलं नाही. देशाबाहेर जायला परवानगी लागत होती, विमानं नव्हती, आणि गेले असते तर परत येता येईल की नाही ते कुणाला माहीत नव्हतं. जाऊन तरी काय? दादाला लांबून एक बंद पिशवी दाखवली. तो म्हणाला, "तीच होती का ते पन मला म्हाईत न्हाई."

अनघाताईंचा फोन आला. चांगलं बोलल्या. खूप वेळ बोलल्या. म्हणाल्या, "लिही तिच्यावर. दिवाळी अंकात घेऊ आपण."

मी लिहिलं. कुणाला दाखवलं नाही, सरळ पाठवलं. पहिलं वाक्य असं होतं: 'माझी आई सुभद्रा दुसऱ्यांची उष्टी भांडी घासायची आणि त्यातून आम्हाला गोष्टी सांगायची.' तिची भाषा तिची ठेवली. कढईचा पाक लिहिला. वेगळं ठेवलेलं ताट लिहिलं. बंद दार लिहिलं. फोनवर आलेलं उत्तर लिहिलं.

लॉकडाऊन उठत आला तेव्हा अंकाची पानं तपासायला आली. माझा लेख सापडेना. मग नाव दिसलं माझं. वर मथळा होता, 'आमच्या मावशी'. पहिलं वाक्य होतं: 'आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणजे गोष्टींचं भांडारच.'

मी पुन्हा वाचलं. सगळीकडे आईची मावशी झाली होती. सुभद्रा कुठेच नव्हती. तिच्या तोंडात सगळे ण आले होते. भिंतीला टेकून ती आम्हाला गोष्ट सांगायची, तिथे लिहिलं होतं, काम आटोपलं की मावशी ओट्याजवळ बसून आम्हा मुलांना गोष्ट सांगत, आणि माझी आई त्यांना चहा देई. वेगळं ताट गेलं होतं. बंद दार गेलं होतं. शेवट होता: 'मावशी आता नाहीत, पण त्यांचं निर्मळ हसू आजही आठवतं.'

मी फोन लावला.

"ताई, ही माझी आई आहे."

"कळलं गं मला," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "म्हणूनच बदललं. तुझ्याच भल्यासाठी. तू इथे इतकं छान उभं केलंयस सगळं. सईला इथे वाढायचंय. लोक वाचतात, लक्षात ठेवतात."

"ठेवू देत."

"आणि ते ताटाचं प्रकरण... आपल्याला खात्रीने काय माहीत? दिवाळी अंक आहे. लोक आनंदासाठी उघडतात."

"आहे तसा छापा. नाहीतर काढून टाका."

"तू भावनेच्या भरात आहेस. दोन दिवस थांब."

"तुम्ही माझ्या आईला माझ्या घरात कामाला लावलंत, ताई. ती मेल्यावर. माझ्याच नावाने."

 मग त्या म्हणाल्या, "या भाषेत बोलणार असशील तर अवघड आहे."

"याच भाषेत बोलणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

 जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आईला सांगावंसं वाटलं, आणि कुणाला सांगू ते कळेना.

लेख अंकातून निघाला. मीही वर्गाच्या ग्रुपमधून निघाले. त्या दिवाळीला पॉइंट कुकचं फराळाचं बोलावणं आलं नाही. दुकानात डाळीच्या रांगेत एक ओळखीची बाई भेटली. मास्कच्या वर डोळे हसले तिचे, मग तिने ट्रॉली दुसऱ्या रांगेत नेली. नितीनने सगळं ऐकून घेतलं. त्याचे वडील काय करायचे हे त्यानेही इथे कुणाला सांगितलेलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोललीस का?"

"नाही."

"नको बोलूस," तो म्हणाला. आमच्यात ते अजून तसंच पडून आहे.

सईची शाळा सुरू झाली. वर्गात आजीआजोबांबद्दल बोलायचं होतं. शाळेत जाताना गाडीत तिने विचारलं, "मॉम, वॉज आजी अ क्लीनर?"

"हो. लोकांच्या घरची भांडी घासायची."

"इज दॅट अ सीक्रेट?"

सिग्नल लाल होता. मी आरशातून तिच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात लाज नव्हती. ती माझ्याकडून शिकायची वाट बघत होती, लाजायचं की नाही ते.

"नाही," मी म्हटलं. "नाव पण सांग. सुभद्रा."

दुपारी ती परत आली तेव्हा मी विचारलं नाही वर्गात काय झालं. तिने सांगितलंही नाही. पुढे जे व्हायचं ते होईल, मला त्याची खात्री देता येत नाही.

मी लिहिते अजून. सिंकवर, कपड्यांच्या दोरीवर, मोज्यांवर. माझ्या घरात जे आहे त्यावर. आणि त्या घरावर, जिथे माझ्या आईला सगळं ठीक आहे म्हणून बोलावलं. ते कुणी छापो न छापो. माझी आई दुसऱ्यांची भांडी घासायची. ती माझी आई होती. हे दोन्ही शेजारी शेजारी, एका पानावर छापायची तयारी नसेल, तर माझ्याकडे लेख मागू नका.