फ्लॉपीवरचं कुंकू

चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण हत्याराची कदर होती. नवऱ्यामागे मासळी विकून तिने वासंतीला बी.एस्सी. केलं, आणि मासळीच्या पाटीला कधी हात लावू दिला नाही. आता गुडघे गेले होते. वासंतीला नोकरी लागली नाही तर बाजारात पोरीलाच बसावं लागणार, हे दोघींना ठाऊक होतं.

वासंती वर्तकनगरच्या क्लासात कंप्युटरची भाषा शिकत होती. दसऱ्यानंतर परीक्षा होती. स्वतः जुळवलेल्या फ्लॉपीवरून कोऱ्या मशीनवर सगळं बसवायचं आणि प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. सगळ्यांत चांगलं जमेल त्याला तिथेच शिकवायची नोकरी.

"आय, यात फक्त लागतं तेवढंच घेतलंय," वासंतीने काळी चौकोनी फ्लॉपी दाखवली. "चित्रं नाहीत, काही नाही. काळ्या पडद्यावर मी हुकूम टाइप करायचा, मशीनने ऐकायचं."

"म्हणजे होडीत जाळा नि वल्हा. बाकी बोजा नाय," आवडाबाई म्हणाली. वासंती खळखळून हसली.

दसऱ्याला आवडाबाईने होडी पुजली, जाळं पुजलं, मासळी कापायचा कोयता पुजला. मग पोरीचं हत्यार आठवलं. पाकिटातून फ्लॉपी काढून, खालच्या फटीतून आतली चकती डोळ्यासारखी दिसत होती तिथेच, तिने ओलं हळदकुंकू लावलं. वर दोन अक्षता. वाळल्यावर पाकिटात परत ठेवली.

परीक्षेला ती हौसेने सोबत गेली. मासळीचा वास येऊ नये म्हणून दोनदा अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, चपलांपाशी दारात उभी राहिली.

वासंतीने घाईघाईत फ्लॉपी आत सरकवली. मशीन खरखरलं. पडद्यावर चूक आली. पुन्हा तेच. परीक्षा घेणाऱ्या सुधीर सरांनी फ्लॉपी बाहेर ओढली, उजेडात धरली.

"कुंकू? अहो, मग खणानारळाने ओटी पण भरायची ना मशीनची!"

वर्गात हशा पिकला. "सर, बोंबील पण वाढा नैवेद्याला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"दुसरी कॉपी?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"ड्राइव्ह घालवलात माझा. कोणी केलं हे?"

आवडाबाईला वाटलं, पोरगी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. वासंतीने मान वळवली आणि सरळ दाराकडे बोट केलं.

"तिने."

सगळे वळून बघू लागले. आवडाबाईने उगाचच पदर नाकाशी नेऊन हुंगला.

परतीच्या बसमध्ये आवडाबाईच्या शेजारची जागा रिकामी होती. वासंती दांड्याला धरून चेंदणीपर्यंत उभी राहिली.

पुढच्या दसऱ्याला आवडाबाईने दोन कोयते पुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात वासंतीने आपल्या कोयत्यावरचं कुंकू ओल्या फडक्याने खरवडून पुसलं, आईकडे न बघता, आणि पहिलं गिऱ्हाईक घेतलं.