केस सरळ करणारी बाई

पार्लरवाल्या बाईने माझ्या नातीचे केस जाळले, असे अहेरीत सांगतात. साफ खोटे. मी तिच्या दारातच बसलो होतो; सांगणारे नव्हते.

तापलेले मशीन ती आधी स्वतःच्या बटेवर फिरवून पाही. तिच्या कानाजवळचे केस त्यामुळेच खरखरीत, तुटके झाले होते. त्या दिवशी पाहुणे नातीला पाहायला येणार होते. बाईने मध्येच मशीनचे बटण बंद केले.

"पुरे, ताई. केस जळून राह्यले."

"तुले काय करायचं? सरळ कर म्हनलं तर कर!" माझी सून कडाडली.

बाईने मशीन पुन्हा चालू केले नाही. मग सुनेने घरी पोरीच्या केसांवर कपड्यांची इस्त्री फिरवली आणि केस तिच्या हातात आले.

पार्लर ओस पडले. ती बाई कोणाला काही सांगत नाही. भेटली की एवढेच विचारते, "भाऊ, पोरीचे केस येऊन राह्यले का?"