चुनखडीच्या वाटेने दोनदा

जिवंत माणसाला मी मेलेला छापलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मजकूर गोड होत जाईल आणि नेमकं हेच राहून जाईल.

तो नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. गाव वणीच्या बाजूला, चुनखडीच्या मुलखात. इथे गिरणीत दुसऱ्या पाळीला. चाळीत सगळे कोकणातले, नाहीतर साताऱ्याकडचे. त्यात हा एकटाच ‘काहून बे’ म्हणणारा. गिरण्यांच्या शर्यतीत हमखास पहिला यायचा. चाळीतले टोमणा मारायचे, “तुम्हा लोकांना वेगळं राज्य पाहिजे ना? मग धावत जा की तिकडे.” तो म्हणायचा, “जातो न. पण तुमची मुंबई खांद्यावर घेऊन जातो, चालते का?”

मुंबईसकट मराठी राज्यासाठी चळवळ पेटली आणि मी पत्रकं लिहायला लागलो. गिरगावातल्या छापखान्यातून ताजा गठ्ठा आणायचं काम त्याचं. ट्रामची वाट बघत उभं राहणं त्याला जमायचं नाही. सकाळी तो नायगावातून धावत निघायचा, आणि मी धापा टाकत मागे. धावता धावता तो मला त्याच्या गावची वाट सांगायचा. स्टेशनपासून गावापर्यंतची, लहानपणापासून धावलेली. पोयबावडी आली की म्हणायचा, “ही आमची पहिली खदान. पांढरी फक्क. उन्हात डोळे उघडत नाहीत.” लालबाग म्हणजे चुन्याची भट्टी. भायखळा म्हणजे पळसाचं रान. त्याच्या पुढे एक नाला, जो चालता चालता खडकात शिरून गडप होतो आणि अर्ध्या कोसावर पुन्हा वर येतो. छापखाना म्हणजे गाव. रोज तीच वाट, त्याच क्रमाने. माझी ती पाठ झाली.

“राज्य झालं की तुले तिथं धावायला नेतो, पत्रक्या,” तो म्हणायचा. “दम निघंन तुझा, पण डोळे निवतीन.”

त्याची एक रीत होती. गठ्ठा सुटला की पहिली प्रत घडी करून गावच्या मास्तरांना टपालाने धाडायची. मास्तर ती गावालगतच्या खदानीवर वाचून दाखवायचे. त्याची आई तिथेच दगड फोडायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोरगा जिथे आहे तिथला कागद आला, एवढं तिला पुरायचं.

गोळीबार झाला त्या दुपारी परळला मी त्याला पडताना पाहिलं. मांडीला हात लावून तो बसल्यासारखा झाला, मग आडवा. गर्दीने मला उलट्या बाजूला रेटलं. पडलेल्यांना पोलिसांनी एकावर एक गाडीत टाकून नेलं. कुणीतरी म्हणालं, गेला. मी तडक छापखान्यात जाऊन लिहायला बसलो. त्याचं नाव, त्याचं गाव, त्याचे पाय, सरकारच्या गोळ्या. चौकशी करायला वेळ नव्हता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. वेळ होता. मजकूर चांगला जमत होता.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा सुटला. त्याची रीत मोडू नये म्हणून पहिली प्रत मी मास्तरांना धाडली.

पाचव्या दिवशी, सोमवारी, त्याचं प्रेत शोधत गेलो तर तो सरकारी इस्पितळात जिवंत सापडला. खाटा संपल्या होत्या, म्हणून व्हरांड्यात गादीवर.

“असा काय पाहतं बे?” तो म्हणाला.

मी खिशातलं पत्रक काढून दिलं. त्याने सावकाश वाचलं. आधी हसला. “चांगलं लिवलं. मले मालूमच नव्हतं मी इतका चांगला होतो.” मग त्याने कागद खाली ठेवला. “गावाले धाडलं?”

“धाडलं.”

“बुधवारी टपाल जाते गावात. हप्त्यातून एकदाच. आजची गाडी पकड.”

“तार करतो.”

“आमच्याकडं तार म्हणजे मेलेलाच. वाचायच्या आधीच माय मरंन. तू जा. टपालवाला गाडीरस्त्यानं जाते, लांबून. तू माझ्या वाटेनं धाव. तुले पाठ हाये.”

बुधवारी सकाळी त्या स्टेशनवर उतरलो तेव्हा टपालवाला पुढे गेलेला होता. मी चपला हातात घेतल्या आणि धावत सुटलो.

पहिली खदान आली. खरंच डोळे उघडेनात. पांढऱ्या जमिनीवर माझी सावली निळसर दिसत होती. दगडाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढलेले, पाण्याने त्यांना भोकं पडलेली, आणि एकेका भोकात ओंजळभर पाणी. चिमण्या ते पीत होत्या. माझ्या पावलांचा आवाज माझ्याच कानाला लागत होता. वाट सुंदर होती. जीव मुठीत धरून धावताना ती मला सुंदर वाटली, याचा अजून राग येतो.

भट्टी आली. भट्टीवर माणसं होती, विचारलं असतं तर त्यांनी हात करून दाखवलं असतं. मला वाट पाठ होती, म्हणून विचारलं नाही. उजवीकडे वळलो.

अर्ध्या तासाने वाट एका सोडलेल्या खदानीत संपली. तिन्ही बाजूंनी पांढरी भिंत. तिथे उभा राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्या महिन्यांत लालबागच्या नाक्यावर पोलीस झडती घ्यायचे, म्हणून आम्ही तिथे उजवीकडे करी रोडला वळून पुढे जायचो. मी त्याच्याबरोबर धावायला लागलो तो त्याच दिवसांत; सरळ वाट मला ठाऊकच नव्हती. पोलिसांना चुकवायचं मुंबईतलं वळण मी त्याच्या रानात घेतलं होतं.

परत फिरलो. पळस, नाला, काहीच नीट पाहिलं नाही.

गावालगतच्या खदानीवर पोचलो तेव्हा मास्तर वाचून उठले होते. कागद त्यांच्या हातातच होता. बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधे त्याची आई. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ. रडत नव्हती. मी धापा टाकत सांगितलं, “तो जिवंत आहे. मी परवा त्याच्याशी बोललो.”

तिने वर पाहिलं. “हे कागदावर कोनं लिवलं मंग?”

“मीच.”

“मंग तुझं कोणतं खरं धरू, बाबू?”

मी शपथा घेतल्या. मास्तरही माझ्याकडे संशयानेच बघत होते. शेवटी पत्रक वाचून तो काय म्हणाला ते त्याच्याच बोलीत सांगितलं. ‘मले मालूमच नव्हतं मी इतका चांगला होतो.’ तेव्हा ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली.

“पाय?”

“पाय राहील. धावता येणार नाही म्हणतात. कुबडी घेऊन चालेल.”

“धावून आता कुठं जायचं हाये त्याले,” ती म्हणाली. “घेऊन ये. हळूहळू आण.”

आणतो, असं मी कबूल केलं.

मुंबईला येऊन चळवळीच्या कमिटीत दुरुस्ती छापा म्हणालो. “हुतात्मा परत आला असं छापायचं? उद्या सरकार दात काढेल,” एक पुढारी म्हणाला. मी भांडलो. छापखानेवाल्यानेही वरून निरोप आल्याशिवाय कागद द्यायचा नाही असं ठरवलं. ज्या सरकारला आम्ही खोटारडं म्हणत होतो त्याला हसायला मिळू नये म्हणून आमचं खोटं तसंच राहिलं.

महिनाभराने त्याच्या जखमेत पू झाला. ताप उतरेना. शेवटचे दोन दिवस त्याने मला ओळखलं नाही. गेला तेव्हा बाहेर ऊन होतं आणि मी पाणी आणायला गेलो होतो.

कमिटीत सांगायला गेलो. तोच पुढारी म्हणाला, “म्हणजे दुरुस्तीची आता गरज नाही.” दुसऱ्यांदा कुणी काही छापलंही नाही. एकच माणूस दोनदा कसा मरणार?

म्हणून त्याच्या आईला सांगायला पुन्हा मीच गेलो. या वेळी धावलो नाही. भट्टीवर थांबून वाट विचारली. माणसाने सरळ हात केला. पळस फुलला होता, पान दिसत नव्हतं इतका. नाला खडकात शिरतो तिथे मी बसून राहिलो, मग पाणी वर येतं तिथेही बसलो. जितका उशीर होईल तितका करत गेलो. तेवढा वेळ तरी तिच्यापुरता तो जिवंत होता.

तिला मी लांबूनच दिसलो. हातोडी टाकून ती उठली, पदराने तोंड पुसलं. मी जवळ येऊन उभा राहिलो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत होती. कुबडीवरचा माणूस मागे राहतो, असं तिला वाटलं असावं.