माझ्या लेकीच्या तोंडचं वाक्य

आमचे हे प्लंबर आहेत आणि बोलके आहेत. दोन्हींपैकी एकच काहीतरी असते, तर माझा संसार सोपा झाला असता. कुणी नळ गळतोय म्हणून बोलावलं की हे आधी घराचं पाणी बंद करतात, मग सिंकखाली डोकं घालतात आणि आतूनच बोलायला लागतात. पाणी बंद, म्हणजे समोरचा जातो कुठे? ऐकतो बिचारा. वॉशर कसा झिजला इथून निघालेली गाडी दहा मिनिटांत ‘मीसुद्धा असाच झिजलो होतो’वर येते आणि मग ती गोष्ट सुरू होते.

सगळे त्यांना पान्हेकाका म्हणतात. घरमालक कुठल्या धर्माचा, देव मानतो की नाही, यांना त्याचं काही नसतं. चर्चला या, असं ते कुणाला म्हणत नाहीत. पत्रकं वाटत नाहीत, वाद घालत नाहीत. ‘माझं असं झालं’ एवढंच सांगतात. फादर एकदा मला म्हणाले, माझ्या प्रवचनाने होत नाही ते तुमच्या नवऱ्याच्या सिंकखालून होतं. मी हसले. त्या हसण्यात काय होतं ते माझं मलाच ठाऊक.

गोष्ट अशी. अठरा वर्षांपूर्वी हे भयंकर प्यायचे. आमची लेक तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. एके दिवशी तिला शाळेतून आणायचं काम यांच्याकडे होतं आणि हे भरदुपारी तर्र होऊन पोचले. पुढचं यांना काही आठवत नाही. जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, घरच्या पलंगावर. तेव्हा कळलं, की शाळेशेजारच्या चर्चमध्ये हे पहिल्या बाकावर आडवे झाले होते आणि ती एवढीशी पोर पवित्र मरियेपुढे गुडघे टेकून म्हणत होती, माझ्या पप्पांना बरं कर. इथे यांचा आवाज दरवेळी फुटायचा. नाटक नाही हो, खरंच फुटायचा. त्या सकाळपासून आजवर यांनी थेंबाला हात लावलेला नाही.

ही गोष्ट त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरांत सांगितली, हॉस्पिटलच्या वॉर्डांत सांगितली, तुरुंगात जाऊन सांगितली. चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक असते, तिथे तर कितीदा. ती ऐकून बाटली सोडलेली तीन माणसं मी स्वतः ओळखते. मी तिसऱ्या रांगेत बसायचे आणि ते वाक्य जवळ आलं की मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, बाई किती भाविक.

यांना दुःख एकच होतं. लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लागली, दोन मैत्रिणींबरोबर वेगळी खोली घेऊन राहू लागली आणि चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला यायची बंद झाली. जिच्या प्रार्थनेने मी देवाकडे आलो तीच देवाकडे येत नाही, असं म्हणून हे जेवता जेवता गप्प व्हायचे. मी ताटात आणखी वाढायचे. दुसरं काय करणार?

मग या वर्षी फादरांनी एका रविवारी दिवसभराची साधना ठेवली. आसपासच्या चर्चमधूनही शे-दीडशे माणसं येणार होती आणि यांची साक्ष, म्हणजे हीच गोष्ट, मुख्य. यांनी लेकीला फोन लावला. म्हणाले, या वेळी तू माझ्या शेजारी उभी राहा, तुझं वाक्य तूच सांग. मला वाटलं, ती फोन ठेवून देईल. तर ती म्हणाली, येते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कामावर आली. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. तिने माझ्यासमोर उभं राहून चादरीची दोन टोकं धरली आणि घडी घालता घालता शांतपणे म्हणाली, की मी येणार आहे आणि जे झालं तेच सांगणार आहे. मी कसलीही प्रार्थना करत नव्हते. मी शेवटच्या बाकाखाली लपले होते, पप्पांच्या भीतीने. आणि हा माणूस देवासमोर उभा राहून वर्षानुवर्षं माझ्या नावावर खोटं बोलतो, त्या चर्चमध्ये मी पाय ठेवू?

चादर तशीच धरून मी उभी राहिले. कारण ते खोटं बोलतच नव्हते. खोटं मी बोलले होते.

त्या दिवशी शाळेतल्या सिस्टरांचा निरोप आला म्हणून मी काम टाकून चर्चमध्ये धावले. हे पहिल्या बाकावर घोरत होते. पोर कुठे दिसेना. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शोधता शोधता मागच्या बाकाखालून बारीक आवाज आला, आई, पप्पा झोपले का? मग मी बाहेर येते. फ्रॉक ओला झाला होता तिचा. घरी येऊन मी तो धुतला. सकाळी हे उठले आणि काल काय झालं ते विचारायला लागले. मी कांदा चिरत होते आणि रागाने नुसती पेटले होते. खरं सांगितलं असतं तर ‘मी कुठे मारतो तिला?’ म्हणून उलट माझ्यावरच धावून आले असते, असं आधी झालेलं होतं. म्हणून जिव्हारी लागेल असं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की ती तुमच्यासाठी प्रार्थना करत बसली होती, जरा लाज वाटू द्या. लागलं. पलंगावर बसून हे लहान मुलासारखे रडले आणि दारू सुटली ती सुटलीच. मग खरं कोण सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पापनिवेदनाला जायचे तेव्हा चिडले, कुचकट बोलले, शेजारणीची निंदा केली, सगळं फादरांना सांगायचे. एवढ्या एका बाबतीत मात्र मूग गिळून बसले.

लेकीला मी तिथेच, त्या चादरींच्या ढिगात, सगळं सांगितलं. तिने तिच्याकडची टोकं माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “त्यांना तू सांग. नाहीतर रविवारी मी सांगेन.”

खरं सांगायचं तर मला तिचाही राग आला. हिला काय जातंय बोलायला! यांना रस्त्यावरून उचलून मी आणत होते. ज्या वाक्यावर हा माणूस अठरा वर्षं उभा आहे तेच काढून घेतलं आणि हे परत प्यायला लागले तर? दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी हे आमच्याच सिंकखाली शिरले होते. प्लंबरच्या घरचा नळ कायम गळका, हे वेगळं सांगायला नको. बाहेर फक्त पाय दिसत होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. चेहरा समोर असता तर माझ्याने बोलवलंच नसतं. त्या पायांना मी सगळं सांगितलं.

पान्ह्याचा आवाज थांबला. आतून विचारलं, “मग ती काय म्हणाली होती?”

मी सांगितलं. हे बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता घरातून निघून गेले. पाणी बंदच.

दुपार टळली तरी यांचा पत्ता नाही. मी चप्पल सरकवली आणि आमच्या भागातल्या तिन्ही दारूच्या दुकानांत जाऊन डोकावून आले. एका दुकानदाराने हसून विचारलं, काकू, काय देऊ? त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी चर्चच्या दारात सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, पान्हेकाका सकाळपासून आत आहेत, शेवटच्या बाकाखाली वाकून काहीतरी बघत होते, कुठला पाइप फुटलाय का? मी आत गेले. हे त्या बाकाशेजारी जमिनीवरच बसले होते. तोंडाला वास नव्हता, तो मी आधी घेतला. मला बघून एवढंच म्हणाले, “जागा फार कमी आहे गं.”

आम्ही दोघं तिथेच रडलो. ते माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी हॉल भरला. लेक आली, पण पुढे गेली नाही, मागे दाराशी उभी राहिली. यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, शाळा, भरदुपार, चर्च, पहिला बाक. आणि थांबले. लोक रुमाल काढून तयार. मग हे म्हणाले, “माझी मुलगी माझ्यासाठी प्रार्थना करत नव्हती. ती माझ्यापासून लपली होती. मला हे याच आठवड्यात कळलं. एका खोट्या वाक्यावर देवाने मला अठरा वर्षं सांभाळलं. आता खऱ्यावर सांभाळतो का, बघू.” खोटं कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीच उठले. बोलायला काही सुचेना, म्हणून ‘मी’ एवढंच म्हटलं आणि खाली बसले.

कुणी रडलं नाही. चहाच्या वेळी एका गृहस्थांनी यांना सांगितलं, की तुमची आधीची गोष्ट जास्त चांगली होती. हे हो म्हणाले.

कप धुवायला आम्ही तिघं मागच्या अंगणात गेलो. लेक कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “पप्पा, मी प्रार्थना केली होती. बाकाखाली. तुम्ही परत उठूच नये, अशी.”

म्हणजे हे ओझं घेऊन पोर एवढी वर्षं चर्चबाहेर उभी होती तर. आणि मला भीती वाटली ती यांची. हा माणूस कशाचीही गोष्ट करतो. आता म्हणेल, बघ, देवाने ऐकलं, तो जुना दारुडा मेलाच की. ते वाक्य यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कळतं. यांनी ते गिळलं.

“बरोबर मागितलंस, बाळा,” हे म्हणाले.

मग ती जी रडली! हे बाजूला नुसते उभे राहिले, हात लावायची हिंमत होईना. शेवटी तिनेच यांची बाही धरली.

आता हे सिंकखाली खरी गोष्ट सांगतात. ती लहान आहे, त्यामुळे लोकांना पाणी लवकर मिळतं. लेक मिस्साला कधी येते, कधी नाही, आणि मी विचारत नाही. कप धुताना तिने जे सांगितलं, ते हे कुणाजवळ बोलत नाहीत. मी सांगतेय ते तिला विचारून. ती सांग म्हणाली. फक्त म्हणाली, “आई, या वेळी माझ्या तोंडी तुझं काही घालू नकोस.”