आमच्या गॅलरीकडे वळवलेला भोंगा

माझा मोठा भाऊ माइकवाला. सभा कुणाचीही असो, भोंगे त्याचेच. सत्तेतले त्याला बोलावतात, विरोधातले त्याला बोलावतात, आणि दोघांना शिव्या घालायला जमलेले नागरिकही त्यालाच बोलावतात. उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज मोठे करण्यात गेला, पण स्वतः माइकवर काय बोलला म्हणाल तर एवढंच, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो." घरीही तीच गत. भाजीत मीठ कमी असलं तरी वहिनीला सांगायचा नाही, मुकाट्याने गिळायचा.

"दादा, तुला ह्यांच्यातलं कुणाचं पटतं रे?" मी एकदा विचारलं.

"मला फक्त खरखर कळते," तो म्हणाला. "कोण काय बोलतो ते ऐकू येणं कधीच बंद झालंय."

मला हसू आलं होतं तेव्हा. पुढे नाही आलं, कारण आमच्या घरासमोरच्या मैदानावर, त्याच्याच भोंग्यातून, माझ्या नवऱ्याला चोर म्हटलं गेलं.

आमचे हे सरकारी दवाखान्यात स्टोअरकीपर. तिथे रबरी हातमोज्यांची मोठी खरेदी झाली आणि मोजे बोटं घालताच फाटायला लागले. माल परत पाठवा म्हणून ह्यांनी साहेबांच्या मागे धोशा लावला. साहेबांनी कानाडोळा केला. मग पहारा मंचाने प्रकरण बाहेर काढलं. पहारा मंच म्हणजे भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या सज्जनांची संघटना. तिचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य, सगळे त्यांना सर म्हणतात. बाहेर काढलं ते चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण भाषणाच्या भरात सर गरजले, "मंत्र्यापासून त्या स्टोअरकीपरपर्यंत, सगळे चोर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हे आत चहा पीत होते. कप तसाच राहिला.

मंत्री खुर्चीवर तसाच बसला, निलंबित झाले ते हे. पुढे चौकशी झाली, ह्यांचा काडीचाही संबंध नाही असं निघालं आणि परत कामावर घेतलं. पण चौकशीला भोंगा नसतो हो! चोर म्हटलेलं सगळ्या वस्तीने ऐकलं, निर्दोष ठरल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं. तेव्हापासून हे गॅलरीत पाऊल टाकत नाहीत. कामाला जातात ते मागच्या बोळातून. वाण्याने एकदा चेष्टेत "काय साहेब, मोजे मिळतील का?" म्हटलं, तर पिशवी तिथेच ठेवून घरी आले. माणूस खाऊन-पिऊन बरा होता, पण आतून विझत चालला होता, आणि मला ते रोज बघावं लागत होतं. मला भरपाई नको होती. ज्या भोंग्यातून चोर म्हटलं, त्याच भोंग्यातून "नाहीत" म्हणा, एवढंच हवं होतं.

मी सरांच्या घरी गेले. तोवर सरकार बदललं होतं. सर नव्या सरकारच्या सल्लागार समितीवर गेले होते आणि दारात सरकारी गाडी उभी होती. माणूस वाईट नाही, पाणी विचारलं, पंखा लावला.

"तुमचे मिस्टर निर्दोष आहेत, मला माहीत आहे," सर म्हणाले.

"मग तेवढं बोला ना स्टेजवरून!"

"अहो ताई, आत्ता बोललो तर तो जुना मंत्री नाचायला लागेल. बघा, मंचाचे आरोप खोटे निघाले म्हणेल. जरा पालिकेच्या निवडणुका होऊ द्या."

"आणि नव्यांच्या राज्यातही मोजे फाटतातच की! त्याचं काय?"

"ते नवीन आहेत. त्यांना थोडा वेळ द्यायला हवा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पहारा म्हणे! एकाच दाराशी बसून राहायचं, दुसरं सताड उघडं. पण भांडायलाही अंगात त्राण हवं ना. पाणी प्यायले आणि परत आले.

दादाला सगळं सांगितलं. त्याने हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "मंचाची वार्षिक सभा आहे. शेवटी लोकांचे प्रश्न घेतात. तू उभी राहा, माइक मी तुझ्या हातात आणून देतो. आणि एक भोंगा तुमच्या गॅलरीकडे वळवतो. मेव्हण्यांना घरी बसून ऐकू येईल."

इथे एक सांगायला हवं. सर आणि दादा यांच्यात एक खूण होती. एखादा वक्ता आवरेना की सर चष्मा काढून पुसायचे, आणि दादा हळूच आवाज उतरवायचा. वर्षानुवर्षं चाललेलं. कुणाला पत्ता नव्हता, वक्त्याला वाटायचं आपलाच घसा बसला.

सभेच्या दिवशी ह्यांना आतल्या खोलीत खिडकीजवळ बसवून मी मैदानावर गेले. प्रश्नांची वेळ आली. मी उठले. दादाने माइक दिला.

"मी त्या स्टोअरकीपरची बायको," मी म्हटलं. माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला. "याच स्टेजवरून ज्यांना तुम्ही चोर म्हणालात..."

सरांनी चष्मा काढला.

आणि आवाज गेला. पुढचं सगळं मी बोलले हो, ओरडून बोलले, चौकशीचं, निर्दोषचं, सगळं. पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल. मागून कुणीतरी ओरडलं, "हिला कुठल्या पक्षाने पाठवलं?" लोक हसले. मी वळून पाहिलं तर दादा मशीनपाशी उभा, बटणावर हात, आणि त्या हाताकडे असा बघतोय की जणू तो दुसऱ्याचाच आहे. भानावर येऊन त्याने आवाज चढवला तेव्हा सर "वेळेअभावी आपण इथे थांबू" म्हणत होते. ते मात्र खणखणीत ऐकू आलं.

घरी हे तसेच खिडकीशी बसलेले.

"तुझा आवाज आला," म्हणाले. "मग बंद झाला. दादाने बंद केला?"

"वायर निसटली," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री दादा आला तर मी दारातूनच हाकलला. "हात आपोआप गेला गं," एवढंच म्हणत राहिला. मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या मंत्र्याच्या पक्षाचे दोघे हजर. "वहिनी, तुमच्यावर अन्याय झाला. आमच्या सभेत बोला, तुम्हाला आम्ही स्टेजवर बसवतो."

"निलंबनावर सही कुणाच्या सरकारने केली होती?" मी विचारलं. दोघं चपला चाचपायला लागले. "या आता," मी म्हटलं. खरं सांगते, रागसुद्धा आला नाही. नुसता कंटाळा आला, सगळ्यांचा.

त्यांची सभा आठवड्याने त्याच मैदानावर ठरली. माइक अर्थात दादाचा. मी भांडी घासत होते, बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. भोंगा बोलला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." मी नळ मोठा सोडला.

"हॅलो. माझे मेव्हणे चोर नाहीत."

मी नळ बंद केला.

"दवाखान्यात स्टोअरकीपर आहेत. चौकशी झाली, त्यात ते निर्दोष ठरले. समोरच राहतात. हॅलो."

मागून कुणीतरी खेकसलं, तेही भोंग्यातून आलं. "अरे, हे काय चालवलंय?"

"टेस्टिंग आहे साहेब," दादा म्हणाला. "काहीतरी बोलावंच लागतं." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आवाज थरथरत होता त्याचा, पण बटण पार वर होतं.

हे आतून उठून आले. खांद्यावर टॉवेल, तसेच गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. खाली सगळ्या खुर्च्या रिकाम्या. वाणी दुकानाबाहेर येऊन वर बघत होता. ह्यांचे डोळे भरून आले आणि मी सरळ रडले, लपवायचं काय त्यात.

"मशीन चांगलं लागलंय," हे म्हणाले. "त्याला म्हणावं, सभा संपली की जेवायला ये."

मंचाने दादाला बोलावणं बंद केलंय. बाकीचे बोलावतात, आणि तो प्रत्येक टेस्टिंगला तेच बोलतो, कुणाचंही स्टेज असो. मोजे अजून फाटतात. हे मात्र समोरच्या रस्त्याने जातात.

त्या सभेच्या रात्री दादा जेवायला आला. मी ताट वाढून त्याच्यापुढे आदळलं. त्याने दोन घास खाल्ले आणि मान वर केली.

"मीठ कमी आहे गं," म्हणाला.